मीटरवरचा लाल दिवा आणि खिशातला पैसा

आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी आज चार चाकांवर चालते. मिरकरवाड्याची मासळी घेऊन घाट चढणारा टेम्पो, भिवंडीत कापडाचे तागे पोहोचवणारी व्हॅन, केटरिंगवाल्याची ईको, फर्निचरवाल्याची पिकअप. यातील बहुतेक गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात आणि अनेकांचे हप्ते अजून चालू असतात. अशा गाडीच्या मीटरवर एखाद्या सकाळी ब्रेकचा लाल दिवा लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. खरे सांगायचे तर तो अपघाताच्या भीतीने कमी आणि खर्चाच्या भीतीने जास्त येतो.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. मालक गाडी गॅरेजला लावतो आणि "काय असेल ते बदलून टाका" म्हणतो. संध्याकाळी पॅड, लायनर, मास्टर सिलिंडर असे सगळे मिळून मोठे बिल हातात येते, आणि कधी कधी एवढे करूनही दिवा जळतच असतो. नाही तर मालक मिस्त्रीला हळूच विचारतो, "बत्तीच काढून टाकली तर?" पन्नास-शंभर रुपयांत बल्ब निघतो आणि मन शांत होते. दोन्ही सौदे तोट्याचे आहेत. त्यातला दुसरा सर्वांत महाग, कारण त्याचे बिल कधी येईल याची तारीख ठरलेली नसते.

ज्याचा हात आखडता आहे त्याने आधी दिवा कशामुळे लागला ते शोधावे आणि मगच पार्ट घ्यावा, असे आम्हाला वाटते. हे शोधायला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत. दहा मिनिटे आणि थोडा उजेड पुरतो.

एकाच दिव्याला दोन तारा

साध्या गाड्यांमध्ये लाल दिवा एकच असतो, पण त्याला किमान दोन ठिकाणांहून तारा येतात. एक तार हॅण्डब्रेकच्या दांड्याखालच्या लहानशा स्विचपासून येते. दुसरी बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीतून येते. डबीत एक तरंगता फ्लोट असतो. ऑइलची पातळी खाली गेली की तो बसतो आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा दोन वेगळे प्रश्न विचारत असतो. हॅण्डब्रेक ओढलेला आहे का? आणि ऑइल कमी झाले आहे का?

म्हणून पहिले काम हॅण्डब्रेकचे. दांडा पूर्ण खाली गेला आहे का ते पाहावे. तो एक खटका जरी वर राहिला तरी दिवा जळतो, शिवाय मागचे ड्रम तापून जळका वास येतो आणि लायनर विनाकारण झिजतात. दांडा हाताने आणखी खाली दाबल्यावर दिवा विझत असेल तर दोष बहुधा त्या स्विचचा असतो. स्विचमध्ये धूळ बसते, त्याची पट्टी वाकते, पावसाळ्यात त्याला गंज चढतो. साफ करून जागेवर बसवला की काम संपते. खर्च जवळजवळ शून्य.

दांडा ठीक असेल तर बॉनेट उघडावे. गाडी सपाट जागी असावी. डबीवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. पातळी दोन्हींच्या मध्ये असूनही दिवा जळत असेल तर डबीच्या फ्लोटचा प्लग काढून पाहावा. बहुतेक साध्या गाड्यांत प्लग काढल्यावर दिवा विझला तर फ्लोट अडकलेला किंवा बिघडलेला समजावा, आणि विझला नाही तर पुन्हा हॅण्डब्रेकच्या स्विचकडे किंवा वायरिंगकडे वळावे. फ्लोट अडकला असेल तर डबीवर बोटाने हलकेच टिचकी मारूनही कधी कधी तो सुटतो. हा दोष एकट्याचा असतो तेव्हा ब्रेकला काही झालेले नसते, आणि पॅड, लायनर, सिलिंडर यांवर एक रुपयाही खर्चू नये. तपासून झाल्यावर प्लग मात्र आठवणीने परत लावावा.

दिवा वळणावर किंवा चढावर क्षणभर लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, अशी तक्रार टेम्पोवाले नेहमी करतात. हा भुताटकीचा प्रकार नाही. ऑइल किमान रेघेजवळ आले आहे आणि गाडी कलली की ते डबीत एका बाजूला जाते, एवढाच त्याचा अर्थ. दिवा लुकलुकतो आहे तोवरच कारण शोधले तर काम स्वस्तात होते.

ऑइल कमी झाले म्हणजे गेले कुठे?

येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात आणि सर्वाधिक धोकाही येथेच आहे. पातळी कमी दिसली की पेट्रोल पंपावरून बाटली आणायची, डबी काठोकाठ भरायची आणि दिवा विझला म्हणून निश्चिंत व्हायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पण ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. बंद नळ्यांतून फिरणारी ती वस्तू आहे. ती कमी झाली तर कारणे दोनच.

पहिले कारण निरुपद्रवी आहे. पुढचे पॅड जसजसे झिजतात तसतसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढते. डबीत पातळी हळूहळू, महिनोन् महिने उतरते. अशा वेळी दिवा सांगत असतो की पॅड संपत आले. वरून ऑइल ओतले की दिवा गप्प बसतो आणि पॅड झिजत राहतात. पुढे नवे पॅड टाकताना मिस्त्री पिस्टन आत दाबतो तेव्हा तेच जादा ऑइल डबीतून उतू जाते. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे बॉनेटखालचा पत्राही खराब होतो. तेव्हा ओतण्याआधी पॅड पाहावेत. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. तीन मिलिमीटर उरला की बदलण्याची वेळ आली. बऱ्याच साध्या गाड्यांच्या पॅडला पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किरकिर आवाज करते. हा आवाज ऐकून जो लगेच पॅड बदलतो त्याची डिस्क वाचते. जो महिनाभर ढकलतो त्याच्या पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासून चर पाडते, आणि मग पॅडबरोबर डिस्कच्या जोडीचाही खर्च बसतो.

दुसरे कारण गळती. पातळी चार-आठ दिवसांत उतरली तर गळती धरूनच चालावे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात लावून पाहावा. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असेल तर टायरच्या आतल्या अंगाला ओला, तेलकट डाग दिसतो. कोठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडर मागच्या वायसरमधून व्हॅक्यूम बूस्टरच्या पोटात गळत असू शकतो. ते बाहेरून दिसत नाही. आणखी एक जागा अनेक जण विसरतात. ज्या गाड्यांचा क्लच ऑइलवर चालतो त्यांतील बऱ्याच गाड्यांत क्लचही त्याच डबीतून ऑइल घेतो. मिस्त्री चार चाके उघडून बसतो आणि गळत असतो क्लचचा खालचा सिलिंडर. मजुरी मात्र चार चाकांची पडते.

पायाची परीक्षाही फुकट आहे. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरावे. ते सावकाश खाली बसत असेल तर कोठेतरी दाब सुटतो आहे. बाहेर ओल नसेल तर संशय मास्टर सिलिंडरवर जातो. पेडल स्पंजसारखे लागले तर नळ्यांत हवा आहे. गळती नक्की झाली की ती गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणू नये. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या दोन हिश्शांत विभागलेल्या असतात. एक हिस्सा रिकामा झाला तरी दुसरा काम करतो आणि गाडी थांबते. त्यामुळे माणसाला वाटते, "थांबते ना, मग चालते." पण ती अर्ध्या ब्रेकवर थांबत असते, आणि भरलेल्या टेम्पोला अर्धा ब्रेक पुरत नाही.

बाटलीत काटकसर नको

ब्रेक ऑइल ही गाडीतली सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. नामांकित कंपनीची अर्ध्या लिटरची बाटली दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घ्यावे. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, तो यात मिसळायचा नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल तर चुकूनही नको. खनिज तेल लागले की ब्रेकमधले सगळे रबर फुगते आणि मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची वायसर किट बदलावी लागते.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरडे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातल्या वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट माल भरून उतरताना ब्रेकवर सतत पाय असला की उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, जुने ओलसर ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल सरळ तळाला जाते. डबीत ऑइल भरलेले असते, दिवा विझलेला असतो आणि ब्रेक नसतो. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांच्या आसपास ऑइल बदलायला सांगतात. त्याच कारणाने मोठी बाटली आणून उरलेली वर्षभर फळीवर ठेवण्यात बचत नाही. लहान सीलबंद बाटली घ्यावी आणि उघडलेली लवकर संपवावी.

घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच्या आसपासच्या गिअरमध्येच उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल करून उतरणारे अजून भेटतात. इंजिन बंद झाले की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब करायला मग माणूस राहील याची खात्री नाही.

नवा पाहुणा : एबीएस

पिवळ्या रंगाचा, तीन अक्षरांचा एबीएसचा दिवा आपल्या मिस्त्रींना आता रोज भेटू लागला आहे. त्याचे कारण आहे. १ एप्रिल २०१८ पासून मोटारीच्या प्रत्येक नव्या मॉडेलला आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती, म्हणजे आपल्यासारख्यांच्या हाती येत आहेत.

पिवळा दिवा एकटा लागला तर घाबरू नये. साधा ब्रेक चालू असतो. फक्त जोरात दाबल्यावर चाक जागीच जाम होऊ नये म्हणून असलेली व्यवस्था बंद पडलेली असते. पावसात अधिक अंतर ठेवून, सावकाश गाडी नेता येते. पण पिवळा आणि लाल दोन्ही एकत्र लागले तर गोष्ट वेगळी. ऑइल आणि हॅण्डब्रेक ठीक असताना ही जोडी दिसली तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी व्यवस्थाही बंद झालेली असू शकते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी माल भरून काढू नये.

एबीएसच्या दिव्यावर सर्वांत मोठी फसवणूक "युनिट गेले" या दोन शब्दांनी होते. युनिटची किंमत पाच आकडी असते. दोष बहुतेक वेळा चाकाजवळ असतो. तेथे वेग मोजणारा सेन्सर असतो. त्यावर चिखल आणि लोखंडाचा कीस बसतो, त्याची तार घासून तुटते, जोडाला पाणी लागते. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटे बसले आहे का ते आधी पाहावे. अनेक गाड्यांत सेन्सरची चुंबकी कडी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. ती बाजू सेन्सरकडे नसेल तर सेन्सर आंधळाच राहतो.

म्हणून एबीएसचा कोणताही पार्ट घेण्याआधी स्कॅनरवर कोड वाचून घ्यावा. बाजारात मिळणारे मोबाईलला जोडायचे स्वस्त यंत्र बहुधा इंजिनचेच कोड वाचते, एबीएसचे नाही. ज्याच्याकडे एबीएस वाचणारा स्कॅनर आहे त्याच्याकडे जाऊन तपासणीचे पैसे द्यावेत आणि कोणत्या चाकाचा दोष आहे ते कागदावर लिहून घ्यावे. हा कागद हातात असला की पुढची दुरुस्ती आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे, माफक मजुरीत होते. आमच्या तरुण कारागिरांनाही आम्ही सुचवू की एका मोहल्ल्यातील तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून असा एक स्कॅनर घ्यावा. पाना चालवणारा हात आपल्याकडे आहेच. कोड वाचण्याचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात का जावेत?

जुना माल कोणता घ्यावा?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, या बाजारांनी हजारो गाड्या रस्त्यावर ठेवल्या आहेत. जुना पार्ट घेण्यात कमीपणा काही नाही. प्रश्न पार्ट कोणता याचा आहे. ऑइलची डबी, फ्लोटचे झाकण, हॅण्डब्रेकचा स्विच, वायरिंगचा जोड, इतकेच काय, नंबर तंतोतंत जुळत असेल तर एबीएसचे युनिटसुद्धा जुने घेता येते. जे घासून झिजते आणि जे रबराचे आहे ते मात्र जुने घेऊ नये. पॅड, होज पाइप, वायसर किट, व्हील सिलिंडर हे नवेच हवेत.

मागच्या ड्रमच्या बाबतीत एक जुनी, चांगली सोय आहे. शू शाबूत असेल तर त्यावर नवे लायनर रिव्हेट करून देणारे कारागीर अजून आहेत. माल चांगला आणि रिव्हेट घट्ट असेल तर हे काम नव्या शूपेक्षा स्वस्तात पडते आणि टिकतेही. डिस्कच्या पॅडवर मात्र मसाला पुन्हा चिकटवण्याचा प्रयोग करू नये. तेथे उष्णता फार असते. पॅड किंवा लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकाच बाजूला नवे टाकले की गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. लेथवर डिस्क साफ करून घेताना जाडी त्याखाली जात असेल तर ती भंगारात टाकावी.

नवा माल पक्क्या बिलानेच घ्यावा. नकली पॅडचे डबे हुबेहूब असतात, आणि ज्या दुकानदाराला बिल देण्याची अडचण वाटते तो माल परत घेण्याचीही अडचण सांगतो.

मिस्त्री बंधूंना एक जपणूक सांगायची आहे. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची सवय सोडावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर असाध्य आजार होतात. ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

बत्ती काढा म्हणणारे गिऱ्हाईक

प्रत्येक गॅरेजवाल्याला हे गिऱ्हाईक भेटते. आपण नाही म्हटले तर ते पुढच्या गॅरेजला जाते, आणि पन्नास रुपयांबरोबर नेहमीचा माणूसही जातो. ही अडचण खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. पण कायदा काय म्हणतो हे दोघांनाही ठाऊक असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, ज्या दोषामुळे गाडी धोकादायक होते आणि जो साध्या काळजीने समजू शकला असता, तो असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. त्यातून कोणी जखमी झाले तर शिक्षा वाढते. "मला माहीत नव्हते" हे उत्तर अशा ठिकाणी टिकणे कठीण, कारण माहीत करून देणारा दिवा कोणीतरी काढलेला असतो. विम्याच्या पॉलिसीतही गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट असते, ती बहुतेकांनी वाचलेली नसते. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तेथे ब्रेक तपासला जातो, बल्ब काढून रोलर फसत नाही.

आमची सूचना व्यवहाराची आहे. ज्या मिस्त्रीने दोष शोधला पण मालकाने पैशांअभावी काम पुढे ढकलले, त्याने बिलावर दोन ओळी लिहाव्यात : कोणता दोष आढळला, कोणते काम मालकाने नाकारले. खाली मालकाची सही घ्यावी. अनुभव असा की सही करायची वेळ आली की बरेच मालक दोन हप्त्यांत पैसे देऊन काम करून घेतात. मिस्त्रीनेही तेवढी सवलत द्यावी. पॅड आज आणि ड्रमचे काम पुढच्या महिन्यात, असे कामाचे तुकडे पाडता येतात. गळतीचे काम मात्र तुकड्यांत होत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक लहानशी गोष्ट करावी. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, मीटरवरचे सर्व दिवे क्षणभर लागले पाहिजेत. हॅण्डब्रेक ओढल्यावर लाल दिवा लागलाच पाहिजे. एबीएसचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. जो दिवा पेटतच नाही त्याचा बल्ब किंवा तार काढलेली असण्याची शक्यता मोठी आहे. विकणारा "तेवढा बल्ब गेलाय" म्हणेल. ऐब लपवून विकलेल्या मालाला आपल्यात काय म्हणतात ते येथे लिहायला नको. आपण त्याला एवढेच सांगावे की बल्ब बसवून आणा, मग भाव बोलू. बल्ब बसल्यावर दिवा पेटून विझला तर गाडी पुढे पाहावी. पेटून तसाच राहिला तर दुरुस्तीची रक्कम मिस्त्रीकडून विचारून ती भावातून आधी वजा करून घ्यावी.